'आय डाऊट' आणि दुबईत उभा राहिलेला कंटेनर: रावेरकडच्या एका पॅकहाऊसचं प्रकरण

पार्श्वभूमी

मी भुसावळला स्पोकन इंग्लिशचा क्लास घेतो, वीसेक वर्षं झाली. मे महिन्यातल्या एका संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे सहा वाजले तरी भिंती तापलेल्याच असतात त्या वेळेला, जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. "सर, आमचा केळीचा कंटेनर दुबईत उभा आहे न् कोणी घेई ना. काका म्हणतात तुह्या इंग्लिशनं झालं." मला आधी हसू आलं. मग त्याने सगळे मेल पाठवले आणि ते वाचत गेलो तसं हसू गेलं, कारण त्यातली अर्धी इंग्लिश माझ्याच क्लासमधून गेलेली होती.

पॅकहाऊस, म्हणजे केळी निवडून खोक्यात भरायची जागा, रावेर तालुक्यातलं. गाव आणि माणसं सांगत नाही. काका वय बावन्न, चाळीस वर्षं केळीत गेलेला माणूस, घड बघून सांगतील की कटाईला किती दिवस आहेत. पुतण्या बी.कॉम., मेल आणि व्हॉट्सॲप त्याच्याकडे. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आणि २०२१ च्या जूनमध्ये तांदलवाडीचा २२ टन माल दुबईला गेला त्याची बातमी सगळीकडे आली, त्यानंतर तालुक्यात बऱ्याच जणांना वाटायला लागलं की आपणही व्यापाऱ्याला न विकता सरळ बाहेर पाठवावं. ह्यांनीही तेच केलं. दुबईतला एक खरेदीदार मिळाला. तिथे खरेदी बघणाऱ्या बाई मूळच्या अमेरिकेतल्या, इंग्लिश ही त्यांची घरची भाषा. हे लक्षात ठेवा. आखाती देशात आपला माल घेणारे बरेचदा केरळचे नाहीतर गुजरातचे लोक असतात, त्यांना आपली इंग्लिश बरोबर कळते कारण त्यांचीही तशीच असते. ह्या बाईंना ती सोय नव्हती.

नेमकं काय घडलं

सोमवारी बाईंचा मेल आला: "कुड यू सेंड फोर कंटेनर्स नेक्स्ट वीक?" पुतण्या थोडा गोंधळला, कारण कुड म्हणजे 'शकलो', भूतकाळ, आणि पुढच्या आठवड्याचा भूतकाळ कसा. तरी त्याने अंदाज बांधला आणि लिहिलं, "येस, वी कॅन सेंड फोर कंटेनर्स." त्याच्या डोक्यात होतं: हो, चार पाठवू शकतो, म्हणजे बागा आहेत, ओळखीचे शेतकरी आहेत, जमण्यासारखं आहे. बाईंनी वाचलं की चार येणार, आणि चार कंटेनरची जागा धरली.

दोन दिवसांनी वारं सुटलं. केळीवाल्याला वाऱ्याचं काय ते सांगायला नको, दोन बागा आडव्या झाल्या, आणि त्याच आठवड्यात बऱ्हाणपूरकडे भाव चढला म्हणून ज्यांनी माल देतो म्हटलं होतं त्यातल्या काहींनी तिकडे दिला. चारऐवजी दोनच कंटेनर भरले. शनिवारी पुतण्याने मेल केला: "ड्यू टू विंड प्रॉब्लेम वी कुड लोड टू कंटेनर्स." त्याला म्हणायचं होतं, वाऱ्यामुळे दोनच भरू शकलो. बाईंचं उत्तर लगेच आलं, "ओके, प्लीज गो अहेड विथ टू."

इथे दोघेही खूश, आणि दोघांच्या डोक्यात वेगवेगळा हिशोब. बाईंना वाटलं, हा विचारतोय की वाऱ्यामुळे चार नाही पण दोन भरता येतील, भरू का. त्या म्हणाल्या भर. विषय दोनवर मिटला, त्यांनी उरलेल्या दोनची जागा दुसऱ्या मालाला देऊन टाकली. पुतण्याला वाटलं, दोन तर गेलेत, आता बाई म्हणतात आणखी दोन पाठव. काकांनी चढ्या भावाने माल गोळा केला, मजुरांची टोळी रात्री उशिरापर्यंत थांबवली, कसाबसा तिसरा कंटेनर भरला आणि तो रातोरात न्हावा शेवा बंदराला रवाना केला. चौथा काही जमला नाही.

गुरुवारी बाईंना तिसऱ्याचे कागद दिसले. त्यांनी विचारलं, तिसरा कुठून आला, तो जहाजावर चढलाय का, नसेल तर थांबवा. पुतण्याने मुंबईच्या सीएचएला, म्हणजे बंदरावर कस्टमचं काम बघणाऱ्या एजंटाला, फोन लावला, तो उचलेना. पण बंदराच्या गेटातून कंटेनर आत गेल्याचा मेसेज आधीच आलेला होता, म्हणजे बहुतेक निघालाच असणार असं त्याला वाटत होतं. त्याने लिहिलं: "आय डाऊट इट हॅज सेल्ड."

त्याच्या मते ह्याचा अर्थ: मला डाऊट आहे की निघाला असेल. बाईंनी वाचलं: मला नाही वाटत निघाला असेल. म्हणजे नेमकं उलट! त्या निर्धास्त झाल्या, "गुड, प्लीज होल्ड इट" एवढं लिहून सुट्टीवर गेल्या. पुतण्याने ते होल्ड इट वाचलं आणि त्याला वाटलं तिकडे पोचल्यावर धरून ठेवतील. कंटेनर दुबईच्या जेबेल अली बंदरात उतरला तेव्हा त्याला ना जागा ना गिऱ्हाईक. केळी १३-१४ डिग्रीवर झोपवून नेतात पण झोप काही कायमची नसते, रीफरचा, म्हणजे थंड कंटेनरचा, प्लग चालू ठेवायचं भाडं रोज चढतं आणि फळ आतून पुढे सरकतच असतं.

घोळ कुठे होता

मी ते सात मेल दोन तास समोर घेऊन बसलो. व्याकरणाची चूक म्हणून लाल पेन लावावा अशी जागा जवळपास नाहीच. परीक्षेत प्रत्येक वाक्याला मार्क मिळाले असते.

पहिलं कॅन. आपल्या मराठीत जमण्याचे किती प्रकार आहेत बघा. शिकलेली गोष्ट असली तर 'मला पोहता येतं'. अंगात बळ नसलं तर 'मला आता चालवत नाही'. परिस्थितीने जुळलं तर 'जमेल', 'होऊन जाईन'. आणि 'शकतो' हा तसा पुस्तकी, शेतात कोणी फार बोलत नाही. ह्या सगळ्यांसाठी इंग्लिशमध्ये बहुतेक वेळा एकच कॅन येतो: आय कॅन स्विम, आय कॅन्ट वॉक एनी फर्दर, वी कॅन डू इट. इथवर सोपं आहे. पण धंद्यात कोणी ऑर्डर विचारली आणि तुम्ही 'येस, वी कॅन' म्हटलं की इंग्लिश बोलणारा ते होकार म्हणून घेतो, कारण ज्याला खात्री नसते तो तिथे कॅन वापरतच नाही. तो म्हणतो 'वी शुड बी एबल टू', म्हणजे अडचण नाही आली तर होईल. किंवा 'वी माइट बी एबल टू', म्हणजे बघू. त्यांचं 'बघू' हे असं क्रियापदाच्या आधीच्या शब्दात असतं आणि आपलं तोंडावर असतं, किंवा खरं तर मान हलवण्यात असतं. मेलमध्ये मान कुठून हलणार.

दुसरं कुड, आणि हे मला स्वतःला लागलं. मी वीस वर्षं फळ्यावर लिहितोय: कॅन म्हणजे शकतो, कुड म्हणजे शकलो. चूक नाही, पण अर्धवट आहे. पूर्वी अंगात असलेली क्षमता सांगायची तर कुड चालतो, 'लहानपणी मी तापी पोहून जाऊ शकायचो' ह्याला कुड. पण एकदा घडलेली, जमून गेलेली गोष्ट सांगायची तर इंग्लिश माणूस सहसा कुड म्हणत नाही, 'वी वेअर एबल टू लोड टू' म्हणतो किंवा 'वी मॅनेज्ड टू लोड टू', किंवा सरळ 'वी लोडेड टू'. गंमत म्हणजे नकारात हे बंधन नाही, 'वी कुडन्ट लोड फोर' अगदी बरोबर. तेवढं लिहिलं असतं तरी बाईंना कळलं असतं. होकारातला एकटा कुड, काळ सांगणारा शब्द शेजारी नसेल, तर त्यांच्या कानाला 'करता येईल, हवं तर' असा लागतो. म्हणजे प्रस्ताव. आणि त्यांच्या पहिल्या मेलमधला कुड यू हा नुसता सभ्यपणा होता, 'पाठवाल का' एवढाच.

तिसरं डाऊट. आपण डाऊट हा शब्द इंग्लिशमधून घेतला आणि त्याला शंकेचं काम दिलं. शाळेत 'सर, एक डाऊट आहे' म्हणजे प्रश्न आहे. 'मला डाऊट आहे त्यानेच घेतलं' म्हणजे त्यानेच घेतलं असावं. आपली शंका होकाराकडे झुकते. अमेरिकेत आणि लंडनकडे 'आय डाऊट' नकाराकडे झुकतो, 'आय डाऊट इट' म्हणजे जवळपास 'छे, काहीतरीच'. पुतण्याला जे म्हणायचं होतं त्याला इंग्लिशमध्ये सस्पेक्ट आहे, किंवा साधं 'आय थिंक'. (पुतण्याला जरा धीर यावा म्हणून मी सांगितलं की स्कॉटलंडमध्ये अजूनही 'आय डाऊट' म्हणजे 'मला वाटतं तसंच होणार' असा वापर आहे. तो म्हणाला, सर मग स्कॉटलंडचं गिऱ्हाईक बघू का.)

खरं तर अंदाजाच्या बाबतीत मराठीची आणि इंग्लिशची वीण चांगली जुळते, आम्हीच शिकवत नाही. निघालाच असेल: इट मस्ट हॅव सेल्ड. निघाला असेल: इट मे हॅव सेल्ड. निघालाही असेल, सांगता येत नाही: इट माइट हॅव सेल्ड. निघणं शक्यच नाही: इट कान्ट हॅव सेल्ड. आणि 'निघाला असेल असं वाटत नाही' ह्याला 'आय डोन्ट थिंक इट हॅज सेल्ड', इथे तर दोन्ही भाषा नकार उचलून वाटण्याच्या क्रियापदावर ठेवतात, अगदी सारख्या.

कोणते पर्याय होते

मी रावेरला गेलो तेव्हा कंटेनर उतरून चार दिवस झाले होते. काकूंनी वरणबट्टी केली होती, जेवणं झाली आणि मग पॅकहाऊसच्या पंख्याखाली आम्ही तिघं बसलो.

काकांचं मत स्पष्ट. "मास्तर, इंग्रजी आपली भाषा नाही हे त्या बाईले माहीत आहे का नाही? मंग तिनं समजून घ्यायला पाहिजे व्हतं. भांडू." भांडायला जागा होती, बाईंच्या मेलमध्ये 'गो अहेड विथ टू' होतंच आणि कुठले दोन ते लिहिलं नव्हतं. पण भांडण चालेपर्यंत माल काळा पडला असता, आणि ह्या गिऱ्हाइकाकडून आधीच्या दोन कंटेनरचे पैसे यायचे होते.

दुसरा पर्याय, ह्यापुढे मेल मुंबईच्या एजंटाने लिहावेत. तो कमिशन घेणार, आणि त्याला बाग कुठे माहीत, त्याला फक्त आपण सांगू ते माहीत. पुतण्याचा पर्याय होता मोबाईलमधलं भाषांतराचं ॲप. आम्ही तिथल्या तिथे करून पाहिलं, 'चार पाठवू शकतो' टाकलं, आलं 'कॅन सेंड फोर'. भाषांतर बरोबर. मराठीतच जर ठरलं नसेल की शकतो म्हणजे नक्की का बघू, तर ॲप तरी काय करणार.

मग राहिला फोन. मला वाटलं बोलून पटकन मिटेल, मीच म्हटलं लाव. हा निर्णय चुकला. पुतण्या बोलला, "वी कॅन रिड्यूस द प्राइस," तिकडून दोन सेकंद शांतता आणि मग आवाज एकदम थंड. अमेरिकन माणूस साध्या वाक्यात कॅन पूर्ण म्हणतच नाही, 'वी कन रिड्यूस' असं गिळून टाकतो आणि जोर रिड्यूसवर देतो. कॅनवर जोर दिला की त्यांना कॅन्ट ऐकू येतं, कारण त्यांच्या कॅन्टचा शेवटचा ट तसाही घशातच अडकतो. आपण सगळे कॅन ठणठणीत म्हणतो. बाईंनी ऐकलं की हे भाव कमी करू शकत नाहीत. मी बाजूला बसून हातवारे करतोय, काका विचारतायत काय म्हणते, आणि रेंज गेली. ब्रिटिश बाई असत्या तर एवढं झालं नसतं, ते कान्ट असा लांब आ काढतात म्हणून फरक उघड कळतो.

काय केलं

शेवटी त्या रात्री एकच मेल लिहिला. आधी मराठीत लिहायला लावला, पुतण्या सांगतोय, काका दुरुस्त करतायत. अट एवढीच घातली की प्रत्येक वाक्यात झालेलं, होणार असलेलं आणि वाटणारं ह्यातलं एकच काहीतरी असेल, आणि जे वाटतंय ते किती खात्रीने ते काकांनी सांगायचं. काकांना हे फार लवकर जमलं. म्हणाले, हे तर आम्ही कटाईच्या वेळी रोज करतो, ही बाग उद्या नक्की, ती वारं नाही आलं तर, आणि ती तिसरी देवाच्या भरवशावर.

मग इंग्लिश. 'वी लोडेड टू कंटेनर्स ऑन सॅटर्डे. वी मिसअंडरस्टुड युवर मेसेज अँड लोडेड वन मोअर. व्हेन आय रोट आय डाऊट, आय मेन्ट आय थॉट इट हॅड सेल्ड. दॅट वॉज माय मिस्टेक. वी विल रिड्यूस द प्राइस.' कॅन नाही, कुड नाही. 'माय मिस्टेक' हे शब्द काकांना कळले तेव्हा ते म्हणाले हे काढ, कबूल केलं तर पैसे मागतील. ह्यावर अर्धा तास गेला. मी म्हटलं ठेवा, कारण बाईंच्या मनात आत्ता तुम्ही खोटारडे आहात, चुकलेले नाही, आणि चुकलेल्या माणसाबरोबर लोक धंदा करतात. पुतण्याने काकांकडे बघितलं, काकांनी तंबाखू मळली, ठेव म्हणाले.

निकाल

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. बाईंनी लिहिलं की डाऊटचा असा अर्थ असू शकतो हे त्यांना माहीत नव्हतं, आणि 'विच टू' हे विचारायचं त्यांच्याकडूनही राहिलं. त्यांनी ओळखीच्या एका घाऊक व्यापाऱ्याला माल घ्यायला लावला. भाव ठरलेल्याच्या निम्म्याच्या आसपास मिळाला, जागेचं आणि प्लगचं भाडं दोघांनी वाटून घेतलं, आधीच्या दोन कंटेनरचे पैसे मात्र पूर्ण आले. तिसऱ्यात तोटा झाला तो झालाच, त्या मोसमात काकांचा नवा ट्रॅक्टर पुढे गेला.

पुतण्याला अजून एक गोष्ट शिकावी लागली ती म्हणजे बाईंचा नकार ओळखणं. त्यांनी पुढे एकदा भावावर लिहिलं, "वी माइट स्ट्रगल विथ दॅट प्राइस." तो म्हणाला, माइट आहे, म्हणजे कदाचित, अजून थोडं ताणू. मी म्हटलं थांब. इथे माइट हा नुसता गुळगुळीतपणा आहे, त्या नाही म्हणतायत. आपल्याकडे पाहुणा 'येऊ की कधीतरी' म्हणतो तेव्हा आपण ताट वाढतो का?

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्तात हे शनिवारी मिटलं असतं. 'गो अहेड विथ टू' आल्यावर पुतण्याला खरं तर खटकलं होतं, त्याने मला नंतर कबूल केलं, पण मोठ्या गिऱ्हाइकाला परत विचारणं कमीपणाचं वाटलं. 'टू मोअर?' एवढे दोन शब्द. ते लिहिले असते तर टोळी रात्री थांबवायची वेळ आली नसती.

गुरुवारचा मेल त्याने घाईत लिहिला, कारण बाई लगेच उत्तर मागत होत्या. 'आय डोन्ट नो येट, आय विल टेल यू बाय इव्हनिंग' हे उत्तर चाललं असतं. आपल्याला माहीत नाही म्हणायला लाज वाटते आणि मग आपण अंदाज पाठवतो. सीएचएने संध्याकाळी फोन उचललाच होता, पण तोवर डाऊट गेलेला.

पहिल्या कॅनबद्दल माझं आणि काकांचं अजून एकमत नाही. मी म्हणतो तिथे 'वी शुड बी एबल टू' लिहायला हवं होतं. काका म्हणतात असं गुळमुळीत लिहिलं असतं तर बाईने ऑर्डरच दुसऱ्याला दिली असती, आणि मे महिन्यातल्या केळीबद्दल नक्की असं कोणीच काही सांगू शकत नाही. त्यांचं म्हणणं मला अगदी खोडून काढता येत नाही. मधला मार्ग म्हणून आता ते आकडा फोडून लिहितात, दोन नक्की, दोन पुढे.

फोनची चूक माझी. रागावलेल्या परक्या माणसाशी फोनवर बोलायची इंग्लिश त्या पोराकडे नव्हती हे मला माहीत असायला हवं होतं, मीच तर शिकवलं होतं त्याला. आता क्लासमध्ये कॅन आणि कॅन्ट डोळे मिटून ऐकायला लावतो, आणि फळ्यावरचा 'कुड म्हणजे शकलो' पुसला. नवीन पोरं पहिल्याच दिवशी विचारतात, सर मग कुड म्हणजे काय, आणि दोन तास तिथेच जातात.

परवा पुतण्याने नव्या मोसमाचा पहिला मेल मला दाखवायला पाठवला. "वी विल लोड टू ऑन मंडे. वी माइट लोड अ थर्ड. आय विल कन्फर्म ऑन संडे." खाली मला व्हॉट्सॲपवर वेगळं लिहिलेलं, सर बरोबर आहे का, एक डाऊट होता.